सात नंबरची काठी आणि बावीस टॉवेल

काकांची काठी आता माझ्या घरात दारामागे उभी असते. बांबूच्या टोकाला गोल पत्रा आणि पत्र्यावर पांढऱ्या रंगात सात. मी तिनं जळमटं काढते. काका शेलूला लेकीच्या नव्या फ्लॅटवर राहायला गेले तेव्हा इस्त्री नेली, चिमटे नेले, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा खिळ्यावरून सोडवून नेली. काठी तेवढी माझ्या उंबऱ्याशी ठेवून गेले. परवा फोनवर विचारत होते, "काठी बरी हाय ना गं?" मी म्हटलं, बरी हाय. जळमटांचं सांगितलं नाही.

सातच का, हे कोणालाच माहीत नाही. एक ते सहा कुठं आहेत असं विचारलं की काका म्हणायचे, "ते पुढं गेले."

कर्जतजवळच्या भिसेगावात त्यांची सहा खोल्यांची चाळ होती आणि आम्ही तिसऱ्या खोलीत भाड्यानं राहायचो. काका मूळ खालापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी कोणाच्या तरी ओळखीनं मोठ्या प्रवासी जहाजावर लागले आणि अकरा वर्षं तिथल्या लाँड्रीत टॉवेल धुतले. अमेरिकेच्या खालच्या अंगाला कॅरिबियन म्हणून समुद्र आहे, त्यात बेटं आहेत, त्या बेटांवरून ते जहाज पैसेवाल्या माणसांना फिरवून आणायचं. नोकरी सोडून आल्याला कितीतरी वर्षं झाली, पण काका जहाजावरून पुरते उतरले नव्हते. चाळीतला कोणी खोली सोडून गेला की ते "तो उतरला" असं म्हणायचे.

नळाला सकाळी सहाला पाणी यायचं. पावणेसहाला काका घड्याळ बांधून नळापाशी उभे. एखादीची कळशी उशिरा आली की मान हलवायचे आणि म्हणायचे, "जहाज थांबत नाय." हे त्यांचं वाक्य. दूध उतू गेलेल्या बाईला तेच, गाडी चुकलेल्या माणसाला तेच. चौथ्या खोलीतल्या सुनेचे दिवस भरले होते आणि ती काही मोकळी होत नव्हती, तेव्हा तिलाही ते तेच म्हणाले, आणि त्याच दुपारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून लोक त्या वाक्याला जरा भिऊनच असत.

त्यांचे एक चुलतभाऊ होते, खालापूरला. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्यांच्या मुलीचं लग्न होतं, चाळीतल्या आम्हा सगळ्यांना आमंत्रण. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा. बारा पस्तीस झाले तरी नवरदेव रस्त्यावर बँडपुढं नाचत होता. बारा छत्तीसला काका खुर्चीवरून उठले, हातातल्या अक्षता माझ्या हातात ओतल्या, "माझ्या वाटच्या टाक" म्हणाले आणि चालू लागले. जेवलेही नाहीत. नवरीचा चुलता उपाशी गेला म्हणून मांडवात बोभाटा झाला. तात्या त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

कपड्यांच्या बाबतीत तर त्यांच्यापुढं कोणाचं चालत नसे. दुसऱ्याच्या दोरीवरची चादर वाकडी दिसली की ती काढून, झटकून, पुन्हा घालायचे. माझ्या साडीचे काठ त्यांनी असे किती वेळा सरळ केले असतील. मी आतून बघायची पण बाहेर येऊन "राहू द्या" म्हणायचं धाडस व्हायचं नाही. माझा स्वभावच तसा. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. एसटीत कंडक्टरला थांबवायला सांगता आलं नाही म्हणून एकदा चौक गावाला उतरायची मी पार पुढं खोपोलीपर्यंत गेले होते.

एका गणपतीत काकांनी प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला. जहाजावर प्रवाशांच्या पलंगावर असे प्राणी करून ठेवतात म्हणे, हंस, माकड, काय काय. हत्ती सुंदर झाले होते, सोंडेला बाकसुद्धा होता. संध्याकाळी काका टॉवेल गोळा करायला निघाले तर पाचव्या खोलीतल्या आजींनी हत्तीला हळदकुंकू वाहिलेलं, दूर्वा घातलेल्या, पुढं गूळखोबऱ्याची वाटी.

"आजी, टॉवेल द्या," काका म्हणाले.

"आता कसा देणार? पूजा झाली."

"पण तो टॉवेल हाय."

"सकाळी होता," आजी म्हणाल्या.

पाचव्या दिवशी तो टॉवेल बाकीच्या गणपतींबरोबर नदीवर गेला. काका पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. "पुरा सुती होता," एवढंच म्हणाले.

त्या सगळ्या बेटांपैकी काकांना एकाच बेटाचं वेड होतं. तिथं म्हणे समुद्राच्या वाळूला लागूनच विमानतळ आहे. मध्ये फक्त एक रस्ता आणि एक कुंपण. विमान उतरतं ते वाळूत पसरलेल्या माणसांच्या डोक्यावरून, हात वर केला तर लागेल असं. माणसांच्या टोप्या उडतात, टॉवेल उडतात. जहाजातली माणसं मुद्दाम ते बघायला जायची. बंदरावर उतरलं की एक बाई हातात नंबराची काठी धरून उभी असायची, तिच्या मागून सगळ्यांनी रांगेत जायचं, बसमध्ये बसायचं, विमानं बघायची आणि वेळेत परत यायचं.

चाळीतल्या बायका हे ऐकायला बसायच्या आणि प्रश्न विचारून त्यांना बेजार करायच्या.

"आणि ती माणसं उघडीच पडलेली असतात?"

"उन्हासाठी येतात गं ती. त्यांच्याकडं ऊन नाय."

"मग आमच्या शेतावर यायचं. लावणीला माणसं मिळत नाहीत."

मग पनवेलच्या बाजूला नवा विमानतळ झाला आणि आमच्या डोंगरांवरून विमानं जायला लागली. काकांचं जेवणात लक्ष लागेना. रोज दुपारी गच्चीवर. बांबूला एक पांढरा टॉवेल बांधून ठेवला होता, वारा बघायला. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. समुद्राकडून वारा आला की टॉवेल आमच्या डोंगरांकडं फडफडायचा आणि विमानं आमच्यावरून खाली खाली येत पनवेलकडं जायची. वारा उलटा असला की ती समुद्राच्या बाजूनंच उतरायची, आमच्याकडं काही यायचं नाही.

महिनाभर हिंडून त्यांनी जागा शोधली. खालापूरकडं एका धरणाच्या मागच्या अंगाला उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि काठाला सपाट पट्टा उघडा पडतो. तिथले गुराखी म्हणाले, इथून विमान एवढं खाली दिसतं की पोटाखालची चाकं मोजता यावीत. पट्टा चिखलाचा होता, वाळून भेगा पडलेल्या. काकांनी खडीच्या क्रशरवरून टेंपोभर कच आणून त्यावर पसरली. करडी, बारीक, पायाला टोचणारी. त्याला ते बीच म्हणायचे. आम्हीही म्हणायला लागलो. म्हशी तिथं आधीपासून बसायच्या, त्या बसत राहिल्या.

पहिल्या सहलीला काकांनी बावीस माणसं जमवली, चाळीतली आणि नात्यातली. तात्यांनासुद्धा निरोप पाठवला, आणि तात्या आले. सगळ्यांच्या छातीवर गोल स्टिकर. बावीस पांढरे टॉवेल नवे आणले होते, कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं एक ते बावीस नंबर मी स्वतः टाचले होते. जहाजावर बीचला जाणाऱ्या प्रत्येकाला दारात टॉवेल देतात आणि परत येताना मोजून घेतात. काका तसेच बसच्या दारात उभे राहिले.

पहिली तीन पोरं टॉवेल घेऊन आत पळाली, मग चढले तात्या. काकांनी घडी घातलेला कोरा टॉवेल पुढं केला. तात्या थबकले. मग त्यांनी दोन्ही हातांनी टॉवेल घेतला, कपाळाला लावला आणि तिथंच उभे राहिले.

"पुढं चला," काका म्हणाले.

"टोपी?" तात्या म्हणाले.

"कसली टोपी?"

"राहू दे रं. टॉवेल तर टॉवेल. मान दिलास, पावला. झालं गेलं विसरून गेलो मी."

आमच्याकडं लग्नाकार्यात पाहुण्याला मान म्हणून टॉवेल-टोपी देतात. काका जन्मले खालापुरात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण अकरा वर्षांत टॉवेल म्हणजे फक्त टॉवेल असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. मागच्या पुरुषांनीही मग दोन्ही हातांनी टॉवेल घेतले, कपाळाला लावले. बायका कुजबुजल्या, बायकांना कुठं टॉवेल देतात, खण तरी द्यायचा. पण घेतले.

त्या दिवशी विमानं चांगली चार आली. सगळे खूश. परत येताना काका टोपली घेऊन बसच्या दारात उभे राहिले. तात्या टॉवेल काखेत घेऊन उतरले, काकांना हात जोडले आणि टोपलीत नारळ ठेवला. रिकाम्या हातानं मान घ्यायचा नसतो. मागच्यांनी ते बघितलं. कोणी सुपारी ठेवली, कोणी केळं, एकीनं पिशवीतली दोन लिंबं. टॉवेल एकानंही ठेवला नाही. आणि मान म्हणून दिलेली वस्तू परत कशी मागणार? त्यातून तात्या वर्षानं बोलायला लागलेले.

काका त्या दिवशी अंगणात टोपलीपुढं बराच वेळ बसून होते. मला म्हणाले, "अकरा वर्षांत एक टॉवेल कमी पडला नव्हता गं माझ्या हातनं. आज बावीस."

पुढच्या सहलीला त्यांनी दुसरे टॉवेल आणले आणि सगळे बादलीत बुडवून, पिळून, लिंबाची साल लावून, ओलेच हातात दिले. ओला टॉवेल मान म्हणून कोणी घेत नाही. लोकांनी तोंड पुसलं, "बरं वाटलं" म्हणाले आणि टोपलीत टाकले. काकांना त्या दिवशी विमानांपेक्षा टोपलीचाच आनंद जास्त झाला.

काठी माझ्या हातात आली ती तिसऱ्या सहलीत. आधी ती सहाव्या खोलीतल्या वहिनींकडं होती. वहिनी बोलक्या. त्या काठी घेऊन पुढं निघायच्या, कोणीतरी काही विचारायचं, वहिनी थांबायच्या, मागची सगळी रांग थांबायची. काका मला म्हणाले, "बोलणारी बाई पुढं असली की माणसं तिच्याशी बोलत बसतात. तुला काय बोलायचं नाय. काठी वर धरायची आन् चालायचं. काठी चालली की माणसं चालतात, काठी थांबली की थांबतात." तेव्हापासून त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी सात नंबर.

नुसती काठी असती तर बरं होतं. पण बस सुटायच्या आधी कवायत असायची. जहाजावर पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून जहाज बुडालं तर काय करायचं ते दाखवतात, म्हणून काकाही दाखवायचे. कुंभिवलीला हायवेच्या कडेला भंगारवाला आहे, त्याच्याकडून त्यांनी एक नारिंगी फुगीर जाकीट आणलं होतं, ते मी घालून बसच्या मागं उभं राहायचं. भिसेगावातले जाणारे येणारे थांबून बघायचे. मला जमीन दुभंगेल तर बरं असं व्हायचं.

"काका, कर्जत-चौक रस्त्यावर बस कुठं बुडंल?" डायवर विचारायचा.

"पावसाळ्यात बघितलायस का तो रस्ता?" काका म्हणायचे.

बीचवर गेलं की आधी कोकम सरबत, मग सूचना. पाण्यात गुडघ्याच्या पुढं जाऊ नये. म्हशींना हात लावू नये. तीन भोंगे झाले की काठीच्या मागं यावं. साडेचारला जहाज सुटतं आणि जहाज थांबत नाय. हे ते खरंच पाळायचे. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा करवंदं तोडत मागं राहिला. बस गेली. तो रस्त्यापर्यंत चालत आला आणि खच्चून भरलेल्या विक्रम रिक्षात पुढं डायवरच्या मांडीवर बसल्यासारखा चौकपर्यंत गेला.

विमानाचा आवाज आला की काका लोकांकडं तोंड करून उभे राहायचे, दोन्ही हात वर करून ओरडायचे, "डोकी वर, डोकी वर." लोक वर बघायचे आणि काका लोकांकडं बघायचे, कोण पाण्याकडं सरकतंय, कोणाचा तोल जातोय. विमान डोंगराआड गेलं की हळूच मला विचारायचे, "चाकं बाहेर होती का गं?" मी मान हलवायची. दर वेळी विचारायचे. मला वाटायचं, माझं लक्ष आहे का ते तपासतात.

एका दुपारी आम्ही दोघं धुण्याच्या दगडापाशी सहलीचे टॉवेल धूत होतो. कच निघता निघत नव्हती. मी म्हटलं, "तिथली वाळू पण अशीच चिकट होती का?" दोघंच असलो की मला बोलता येतं.

काका म्हणाले, "त्या बेटाची जाडी. पांढरी. भरड्या साखरेसारखी. टॉवेल झटकला की मला कळायचं, आज कुठं लागलं होतं जहाज."

"आणि पायाला कशी लागायची?"

काका टॉवेल पिळत राहिले. मग म्हणाले, "मी गेलो नाय तिथं."

पहिल्याच फेरीत त्यांच्या साहेबानं त्यांना वर नेऊन दाखवलं होतं. जहाज सुटत होतं आणि धक्क्यावरून एक माणूस पळत येत होता, जहाजावरचाच, सुट्टी घेऊन उतरलेला. हातात केळ्यांचा घड. तो पळत राहिला, जहाज लांब लांब जात राहिलं. माणूस लहान होत गेला तरी त्यानं केळी टाकली नव्हती, काका म्हणाले. त्यानंतर अकरा वर्षांत काकांना किती वेळा दोन-तीन तासांची मोकळीक मिळाली. दर वेळी ते धक्क्याच्या टोकापर्यंत जायचे, बसेस निघताना बघायचे, घड्याळ बघायचे आणि परत यायचे. बीच टेकडीच्या पलीकडं. विमान एकदाही दिसलं नाही, आवाज तेवढा यायचा.

"हे कोणाला सांगू नको," ते म्हणाले.

मी कोणाला सांगणार? मी तर खोपोलीपर्यंत गेलेली बाई.

शेवटची सहल ठरली तेव्हा काकांचं शेलूला जायचं नक्की झालं होतं. चाळ पाडून तिथं इमारत होणार होती. काकांनी बीचवर रोवायच्या बांबूला नवा टॉवेल बांधला, काठीवरचा सात पुन्हा रंगवला. तात्या खालापूरहून मुद्दाम भिसेगावला आले, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर कापडी पिशवी. तिला कोणाला हात लावू देत नव्हते. आणि लेकीच्या इमारतीतल्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांच्या मुलानं त्यांना अमेरिकेला बोलावून तसल्याच जहाजातून फिरवलं होतं. त्या बेटावर, त्या बीचवर त्या जाऊन आल्या होत्या. बसमध्ये सगळ्यांना फार आनंद झाला. आता खरं काय ते कळेल, असं वहिनी म्हणाल्या. काका वाटेत चार वेळा सगळ्यांचे स्टिकर तपासून आले.

बीचवर पोचलो तर वारा उलटा. बांबूवरचा टॉवेल पनवेलकडं बोट दाखवत होता. एक तास गेला, दोन तास गेले. विमान नाही. सरबत दोनदा झालं. पुढंपुढं तर वाराच पडला, टॉवेल बांबूला चिकटून लोंबायला लागला.

मॅडमनी पायानं कच उकरून बघितली. "तिथली वाळू पांढरी असते, नाही का हो? ही करडी आहे."

"क्रशरची हाय," काका म्हणाले.

"आम्ही अगदी कुंपणाला धरून उभे होतो. तुम्ही कुठं उभे राहायचात? कुंपणाजवळ, की पाण्याकडे?"

सगळे काकांकडं बघायला लागले. तीन उन्हाळे त्यांनी या लोकांना ते कुंपण, तो रस्ता, त्या उडणाऱ्या टोप्या सांगितल्या होत्या. मी काठी घट्ट धरली. मला वाटलं ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पाण्याकडे, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं.

"मी गेलो नाय तिथं," काका म्हणाले.

तात्या म्हणाले, "गेलाच नाय? मग अकरा वर्षं काय करत होतास रं?"

"टॉवेल झटकत होतो. तुमच्या ह्या बीचवर कच नाय तेवढी वाळू झटकली मी." मग मॅडमकडं वळून म्हणाले, "तुमी तुमचा टॉवेल झटकून दिला होता का?"

मॅडम गोंधळल्या. "आठवत नाही."

"म्हंजे नाय दिला," काका म्हणाले.

कोणीतरी हसलं, पण लोकांचा रंग गेला होता. वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "न बघितलेलं बेट, आणि न आलेलं विमान." काकांना ऐकू गेलं. ते जाऊन सरबताचे पेले एकात एक घालायला लागले. मला इतकं वाईट वाटत होतं. आज एक विमान आलं नाही तर हा माणूस खोटा ठरून शेलूला जाणार, आणि लेकीच्या सातव्या मजल्यावर बसून तेच आठवत राहणार.

साडेचार झाले. डायवरनं तीन भोंगे दिले.

"सात नंबर, काठी वर," काका म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

लोक कपडे झटकत उठले. मी बांबूकडं बघितलं. मघापासून मेल्यासारखा लोंबणारा टॉवेल, त्याचा एक कोपरा हलला. मग सगळाच उचलला गेला. आमच्या बाजूला, डोंगरांकडं.

"काका," मी म्हटलं. ते जवळच्या म्हशीलाच ऐकू गेलं असेल. मी पुन्हा म्हटलं, "काका, टॉवेल फिरला."

बावीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. काकांनी टॉवेल बघितला, मग घड्याळ. "साडेचार झाले."

"हो."

"जहाज थांबत नाय."

मी काठी खाली घेतली आणि कचीत रोवली. कच बोटभरच होती, खाली टणक भुई, काठी आडवी झाली. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा उभी राहिली. "काठी थांबली," मी म्हटलं. "काठी थांबली की माणसं थांबतात, तुमीच सांगितलंय."

उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. डायवरनं आणखी एकदा भोंगा दिला तेव्हा तात्या तिकडं तोंड करून ओरडले, "गप रं, काठी थांबलीय."

काका माझ्याजवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, "आन् मागं राहिलो तर?"

त्यांना तो केळीवाला दिसत होता, हे मला कळलं. मी म्हटलं, "बस तिथंच हाय. डायवर चहा प्यायला बसला."

वीस मिनिटं गेली. काकांनी तेवढ्यात घड्याळ तीसदा बघितलं असेल. मग डोंगराच्या मागून घरघर आली. काकांनी सवयीनं लोकांकडं तोंड केलं, हात वर केले, "डोकी वर..."

"माणसं मी बघते," मी म्हटलं. "तुमी वळा."

ते वळले.

विमान डोंगराच्या खांद्यावरून आलं, मोठं, पांढरं. उन्हात पोट चमकत होतं. पाण्यावरून त्याची सावली सरकत आली आणि म्हशींवरून गेली. मी माणसं बघत होते, सांगितल्याप्रमाणं. पण काकांकडंही बघत होते. त्यांची मान मागं मागं जात होती, इतकी की तात्यांनी पुढं होऊन पाठीला हात लावला, नाहीतर ते उताणे पडले असते. विमान गेलं, आवाज गेला, तरी मान वरच.

"चाकं," काका म्हणाले. "चाकं बाहेर हायेत गं."

"दर वेळी असतात."

"तू सांगायचीस. मला वाटायचं, मन राखायला सांगते."

मॅडम बाजूला गेल्या होत्या. त्यांनी आपला ओला टॉवेल दोन्ही हातांत धरून चांगला तीनदा झटकला आणि मग टोपलीत टाकला. काकांनी ते बघितलं आणि मान डोलवली, साहेब डोलवतो तशी.

तेवढ्यात तात्यांनी पिशवी उघडली. "इकडं ये रं," ते म्हणाले. पिशवीतून पांढरी टोपी काढली आणि काकांच्या डोक्यावर ठेवली. नारळ काढून हातात दिला. मग टॉवेल काढला, कोरडा, इस्त्री केलेला, आणि खांद्यावर घातला. "माझ्या लेकीच्या लग्नातनं उपाशी उठलास. मान तुझा राहिला होता. शेलूला जायच्या आधी घे."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. काका एका हातात नारळ धरून उभे होते. त्यांनी दुसऱ्या हातानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, बोटांनी कोपरा शोधला आणि डोळ्यांजवळ नेला. मीही बघितलं. लाल दोऱ्यात माझ्याच हातचा चार.

काकांनी टॉवेलची जहाजावर घालतात तशी तिहेरी घडी घातली आणि तो परत खांद्यावर ठेवला. तात्यांना वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडं झुकून, तात्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "चार नंबर आला. एकवीस राहिले."